जोखन अँड सन यांच्या रिटर्नची तपासणी

गुरुवार, १ मार्च

सान फर्नांडोला व्यापारी मंडळाच्या सभागृहात व्याख्यान ऐकले. विषय : लहान कंपन्यांच्या कर-रिटर्नमध्ये नेहमी होणाऱ्या चुका. प्रवेश विनामूल्य. वक्ता तरुण, टाय वाकडा. सुरुवातीचे काही ऐकू आले नाही, कारण थंड हवेचे यंत्र नेमके माझ्या डोक्यावर घरघरत होते. आणि शेवटचे बुडाले, कारण फराळाच्या टेबलापाशी लोकांनी आधीच रांग लावली व मलाही नाइलाजाने उठावे लागले. मधला भाग मात्र पूर्ण ऐकला व पूर्ण समजला. वक्ता म्हणाला, ज्याने रिटर्न भरले त्याला त्यातल्या चुका दिसत नाहीत. ते दुसऱ्या डोळ्यांखालून गेले पाहिजे.

दुसरे डोळे म्हणजे माझे. उजव्याचे ऑपरेशन झालेले आहे, सबब तो नवाच आहे.

गेली कित्येक वर्षे मिस लेझामा ही अकाउंटंट बाई आमच्या कंपनीचे रिटर्न भरते आणि मी, कंपनीचा संस्थापक व एकमेव डायरेक्टर, ती दाखवील तेथे मुकाट सही करतो. दक्षिण त्रिनिदादमध्ये पेनालपासून देबेपर्यंत कोणाचेही लग्न असो, भाड्याचे तंबू आणि खुर्च्या माझ्या. आणि सही मात्र मी घाण्याच्या बैलासारखी करायची! हे आजपासून बंद.

संकल्प : यंदाचे रिटर्न ओळ न् ओळ तपासीन. चुका लाल शाईने दाखवीन. रागावणार नाही.

सोमवार, ५ मार्च

चिरंजीव रूपलाल दुपारी लेझामाबाईच्या ऑफिसातून रिटर्न घेऊन आला आणि ते त्याने जेवणाच्या टेबलावर, पेलाव-भाताच्या पातेल्याशेजारी ठेवले. एका पानास तेल लागले. ही पहिली चूक. लेझामाबाईच्या खाती नोंदवली.

रूपलाल म्हणाला, “पा, एवढी सही करा, मी उद्याच्या उद्या देऊन येतो. कौन्सिलचं टेंडर निघतंय, अरायव्हल डेच्या सोहळ्याचं. अख्ख्या मैदानाचे तंबू, सगळ्या खुर्च्या. करखात्याच्या क्लिअरन्सचा कागद लागतो त्याला, आणि रिटर्न गेल्याशिवाय क्लिअरन्स देत नाहीत.” अरायव्हल डे म्हणजे आमचे पूर्वज हिंदुस्थानातून जहाजाने या बेटावर उतरले तो दिवस; मैदान भरते. तरी मी सांगितले, तपासून देईन. तो म्हणाला, “त्यात तपासायचं काय? मिस लेझामाने तपासलंय.” मी म्हणालो, चोराने स्वतःच्या खिशाची झडती घेतली असे सांगण्यापैकी हे आहे. सून सुमिंत्रा स्वयंपाकघरातून म्हणाली, “झालं! आता हा कागद काही ख्रिसमसच्या आत हलत नाही.”

सुनेने स्वयंपाकघरातून बोलण्याची पद्धत आमच्या वेळी नव्हती.

रूपलाल अद्याप डायरेक्टर नाही. योग्य वेळी करीन. एकोणचाळिसाव्या वर्षी माणूस उतावीळ असतो.

गुरुवार, ८ मार्च. फगवा.

सर्व मंडळी मैदानावर. मी खिडक्या लावून तपासणीस बसलो. तरीही धाकट्या भावाच्या, म्हणजे सहादेवच्या, नातवंडांनी फटीतून पिचकारी मारलीच. तिसऱ्या पानावर गुलाबी डाग. त्याभोवती लाल शाईने वर्तुळ काढून ‘माझा नव्हे’ असे लिहिले.

पहिली गंभीर चूक सापडली. सेंट नाहीत. आमच्या वहीत डिझेलचा खर्च छत्तीस सेंटांनी संपतो. रिटर्नमध्ये ते छत्तीस सेंट नाहीत. पुढच्या ओळीतही नाहीत. एकाही ओळीत नाहीत! इतक्या वर्षांचे सेंट एकत्र केले तर किती होतील याचा हिशोब मी केला नाही, परंतु लेझामाबाईने गेल्या वर्षी नवी मोटार घेतली हे सर्वांस ठाऊक आहे.

संध्याकाळी सहादेव, नखशिखान्त रंगलेला, कुंपणावरून ओरडला, “भैया, बाहेर ये की! उद्या परीक्षा आहे का तुझी?”  मी चौथीत शाळा सोडून उसाच्या फडात गेलो, म्हणून हा कॉलेजात जाऊ शकला. आणि परतफेड म्हणून याने माझ्याच कुंपणाला लागून तंबूंचा धंदा काढला. त्याच्या खुर्च्या निळ्या आहेत. निळ्या खुर्चीवर बसलेला वऱ्हाडी आजारी दिसतो.

सोमवार, १२ मार्च

सूट घालून लेझामाबाईच्या ऑफिसात गेलो व सेंटांबाबत स्पष्टीकरण मागितले. तिने चष्मा काढला, पुसला, परत घातला. म्हणाली, “अंकल, फॉर्मवरच छापलंय ना, रकमा पूर्ण डॉलरमध्ये लिहा. ही बघा, अगदी वरची ओळ.” मी म्हणालो, छापलेले सर्व खरे असतेच असे नाही. ती म्हणाली, “मग सरकारकडे जा आणि तुमचे छत्तीस सेंट मागून आणा. येताना माझेही आणा, पार्किंगला सुटे लागतात.” तिची टायपिस्ट हसली. टायपिस्टचे नाव विचारून घेतले.

सेंटांचा मुद्दा तूर्त बाजूस ठेवला आहे. सोडलेला नाही.

शनिवार, १७ मार्च

मोठा शोध. गेल्या वर्षीचे रिटर्न शेजारी ठेवून पाहिले. गेल्या वर्षाच्या अखेरीस जे आकडे होते, म्हणजे तंबूंची किंमत, बँकेतील शिल्लक वगैरे, तेच आकडे यंदाच्या आरंभी जसेच्या तसे! ही बाई गेल्या वर्षीचे उतरवून काढते आणि वर पैसे घेते. आमच्या शाळेत मास्तर मॉर्टन यांनी अशा मुलाला दिवसभर बाकावर उभे केले असते. मी चौथीपर्यंतच शिकलो, परंतु शेजाऱ्याच्या पाटीत कधी पाहिले नाही.

ताबडतोब फोन केला. ती म्हणाली, “अंकल, एकतीस डिसेंबरला झोपताना तुमच्या यार्डात जेवढ्या खुर्च्या होत्या, तेवढ्याच एक तारखेला उठल्यावर असणार ना? हे आकडे जुळायलाच पाहिजेत. जुळले नाहीत तर ती चूक.” मी म्हणालो, आणि मधल्या वेळात चोरी झाली असती तर? तिने दुसरा फोन आल्याचे सांगितले. यास निरुत्तर होणे म्हणतात.

शनिवार, २४ मार्च

आज घसारा. येथे तर कहर आहे. तंबू उन्हापावसात जुने होतात, म्हणून वहीत त्यांचा घसारा खर्च धरला होता. लेझामाबाईने हा खर्च उचलून नफ्यात मिळवला! खर्च नफ्यात मिळवणारी बाई मी उभ्या आयुष्यात पाहिली नव्हती. पुढच्या पानावर तिला पश्चात्ताप झालेला दिसतो, कारण तेथे तिने घसारा पुन्हा वजा केला आहे. पण तोही वेगळ्याच आकड्याने. दोन्ही पाने लाल केली.

रूपलालने तिला फोन लावून माझ्या कानाशी धरला. ती म्हणाली, “अंकल, तुम्ही धरलेला घसारा तुमच्या मनाचा. सरकारचा दर सरकारचा. आधी तुमचा काढायचा, मग त्यांचा घालायचा. सगळ्या त्रिनिदादमध्ये असंच करतात.” मी विचारले, माझ्या तंबूचे वय सरकार ठरवणार काय? ती म्हणाली, “हो. आणि तुमच्यापेक्षा बरं ठरवतं. तुमच्या वहीत पंधरा वर्षं जुना तंबू अजून तरणाताठा आहे.”

फोन मी ठेवला. रूपलाल म्हणतो, तिने ठेवला. नोंद माझी ग्राह्य.

शुक्रवार, ३० मार्च

सुट्टीचा दिवस. रस्त्यावरून बॅप्टिस्ट मंडळी पांढऱ्या कपड्यांत, घंटा वाजवीत गेली. घरात मात्र शांतता राहिली नाही.

रूपलालने जेवताना विचारले, तपासणी कोठवर आली. मी म्हणालो, सहाव्या पानावर. तो म्हणाला, “पा, पानं आठच आहेत. महिना झाला.” मी म्हणालो, घाईने काम सहादेव करतो. यावर तो ताटावरून उठला. असे तो लहानपणीही उठत नसे. म्हणाला, “सहादेवकाकाचं रिटर्न फेब्रुवारीतच गेलंय. त्याच्या हातात क्लिअरन्स आहे. ऐका पा, शेवटचं सांगतो. वीस वर्षं मी तुमचे बांबू वाहिले. मला नाव नाही, सही नाही, चेकबुकाला हात लावायची परवानगी नाही. हे टेंडर माझं आहे, मी आणणार आहे. तुमच्यामुळे गेलं तर मी काकाच्या यार्डात कामाला जाईन. त्याने दोनदा विचारलंय.”

मी म्हणालो, खुशाल जा. त्याच्या खुर्च्या निळ्या आहेत.

तो बाहेर गेला. सुमिंत्रा ताट उचलीत म्हणाली, “पा, तो खरंच जाईल हं. धमकी द्यायला त्याला येत नाही, तुमच्यासारखी.”

जाणार नाही. रक्त पाण्यापेक्षा दाट असते. सहादेवचे रक्तही तेच आहे, हा मुद्दा येथे गैरलागू.

संकल्प : तपासणीचा वेग वाढवीन.

शुक्रवार, ६ एप्रिल. गुड फ्रायडे.

वेग वाढवला. भिशीचे प्रकरण उघडकीस आले. टँटी मर्ल ही बाई चालवते त्या भिशीत कंपनी दर शुक्रवारी पैसे टाकते. प्रत्येक शुक्रवारची रक्कम मी माझ्या हाताने, सुवाच्य अक्षरात, वहीत खर्ची टाकलेली आहे. लेझामाबाईने ती ओळच्या ओळ उडवली! रिटर्नमध्ये भिशीचा मागमूस नाही. वर्षभराचा खर्च गिळला.

बाई आता संपली. हा मुद्दा समोरासमोर काढीन. तिला घरी बोलावणे धाडले आहे.

शनिवार, १४ एप्रिल

लेझामाबाई आली. सुमिंत्राने तिला मॉबीचे सरबत दिले, बर्फ घालून. मला बर्फाशिवाय.

मी उभे राहून आरोप वाचून दाखवले. भिशीपाशी तिने हात वर केला. तिचे बोलणे शब्दशः लिहून ठेवीत आहे, पुढेमागे उपयोगी पडेल. “अंकल, शुक्रवारी पैसे गेले, तो खर्च म्हणता. मग डिसेंबरमध्ये तुमचा नंबर लागला, सगळी भिशी उचललीत, नव्या पांढऱ्या खुर्च्या घेतल्यात. ती रक्कम वहीत कुठे आहे?” मी म्हणालो, ती उत्पन्न कशी? तो माझाच पैसा होता. ती म्हणाली, “मग जाताना तो कोणाचा होता?”

मी आरोपांचे पान उलटले.

तिला वाटले आपण जिंकलो. तिने पिशवीतून माझीच वही काढली. “आता माझी पाळी. ही तुमची कवळी. कंपनीच्या खर्चात, ‘यंत्रसामग्री’ म्हणून.” मी सांगितले, गिऱ्हाइकाशी मी कवळीनेच बोलतो, कवळीशिवाय मला ‘तंबू’ हा शब्ददेखील उच्चारता येत नाही. ती म्हणाली, “आज शनिवार आहे, कंपनी बंद. काढून ठेवा मग.” रूपलाल दारात उभा राहून हसला. स्वतःच्या बापावर. सुमिंत्रा तर मोरीत जाऊन हसली.

जाताना लेझामाबाई म्हणाली, “तुमचे डोळे घारीचे आहेत हो अंकल. पण घार पिल्लू बघते, तुम्ही पिसं मोजत बसलाय. तीस तारीख शेवटची. मी इतकी वर्षं तुमचे दात आणि तुमच्या पूजेचे बोकड-नारळ हिशोबातून उपसतेय आणि एक शब्द बोलले नाही, कारण हा मुलगा राबतो. त्याचं वाटोळं करू नका.”

आमच्या पूजेत बोकड नसतो. यावरून तिच्या अचूकपणाची कल्पना यावी.

गुरुवार, १९ एप्रिल

निर्णय. तिच्या टाइप केलेल्या रिटर्नवर मी सही करणार नाही. त्यावर तेल, रंग व लाल शाई असल्याने ते सरकारदरबारी शोभणारही नाही. कोरा फॉर्म आणवून, काळ्या शाईने, माझ्या हस्ताक्षरात संपूर्ण रिटर्न मी स्वतः लिहीन. माझ्या अक्षरास मास्तर मॉर्टन यांनी वर्गासमोर शाबासकी दिली होती. ते म्हणाले होते, हा मुलगा कोठेतरी पोचेल. त्यानंतरच्या सोमवारी मी फडात गेलो; तो भाग अलाहिदा.

आकड्यांबाबत वाद झाला. रूपलाल दात-ओठ खात म्हणाला, “आकडे तिचे, अक्षर तुमचं. एवढं ऐका, मी पाया पडतो.” आणि खरोखर पडला. यार्डात, कामगारांसमोर. मला ते आवडले नाही. मी मान्य केले. घसारा, भिशी, सेंट यांविषयी माझा निषेध समासात नोंदवीन असे म्हटले. त्याने तेही नको म्हटले. तेही मान्य केले. माझ्याइतका तडजोडीचा माणूस या तालुक्यात नाही.

लेझामाबाईचा निरोप : सोन्याच्या पाण्याने लिहा, पण सोमवारी, तीस तारखेला, पोचवा. आणि देण्याआधी मला एकदा दाखवा.

दाखवणार नाही. तपासनिसाला कोण तपासणार?

सोमवार, २३ एप्रिल

पहिली प्रत पान दोनवर बिघडली. सुमिंत्राने टेबल हलवले.

गुरुवार, २६ एप्रिल

दुसरी प्रत. पान सातपर्यंत सुंदर. मग सहादेवने मुद्दाम जनरेटर सुरू केला. आकडा दचकला.

 टेंडरचे कागद रूपलालने एका फाइलीत लावले आहेत व ती फाइल ट्रकमध्येच ठेवतो. त्यात फक्त क्लिअरन्सची जागा रिकामी आहे. आज त्याने मैदान पावलांनी मोजले आणि कोठला तंबू कोठे उभा राहील ते कागदावर काढले. मी पाहिले. वाईट काढलेले नाही. त्यास तसे सांगितले नाही. पोरे डोक्यावर बसतात.

शनिवार, २८ एप्रिल

तिसरी प्रत पूर्ण. असे रिटर्न या बेटावर आजवर कोणी लिहिले नसेल. प्रत्येक पानाच्या तळाशी ‘तपासले. बरोबर आहे. जोखन’ असे लिहून खाली दुहेरी रेघ ओढली. आठही पानांवर.

शेवटच्या पानावर डायरेक्टरने सही करावयाचे प्रतिज्ञापत्र आहे : वरील माहिती सत्य व संपूर्ण आहे, इत्यादी. ही सही मी घरी करणार नाही. शपथ ही अधिकाऱ्यासमोर घ्यावयाची असते. स्वयंपाकघरात, सुनेच्या मागे मासा तळला जात असताना नव्हे. यासाठी नवे पेन घेतले आहे. कर-कार्यालयात अधिकारी उठून उभा राहील, मी टोपी काढीन, त्याच्या समक्ष सही करीन. हे सर्व कसे होईल ते मला स्पष्ट दिसते.

सोमवार, ३० एप्रिल

रिटर्न दाखल केले.

रूपलाल बरोबर येतो म्हणाला. लेझामाबाईने फोनवरून विनवणी केली, मी पाच मिनिटं नजर टाकते, रस्त्यातच ऑफिस आहे. दोघांस नकार दिला. मॅक्सी-टॅक्सीने गेलो. सूट, टोपी, नवे पेन.

कार्यालयात शेवटच्या दिवसाची झुंबड. अधिकारी दिसला नाही. एक खिडकी, काचेला भोक, आत च्युइंगगम चघळणारी मुलगी. रांगेतला माझ्यामागचा माणूस सारखा म्हणत होता, “चला आजा, चला, इथे लग्न नाहीये.” मी मुलीस अधिकाऱ्यास बोलावण्यास सांगितले. ती म्हणाली, “साहेब नाहीत. द्यायचंय का नाही?” मी म्हणालो, एक औपचारिक बाब शिल्लक आहे. मागचा माणूस म्हणाला, “आजा, आम्हीही शिल्लक आहोत.” मुलीने भोकातून हात घालून लिफाफा ओढला, शिक्का मारला, पोच फेकली आणि म्हणाली, “पुढचा!”

शिष्टाचार या देशातून गेला.

परंतु पोच हाती आहे. वेळेत. रूपलालच्या हातात ती दिली तेव्हा त्याने मला मिठी मारली. बांबूंचा वास येत होता. अशी मिठी पुष्कळ वर्षांनी.

शुक्रवार, ४ मे

आनंदाचे दिवस. रूपलाल शीळ घालतो. नव्या खुर्च्या धुऊन वाळत घातल्या आहेत. सहादेवला ऐकू जाईल अशा आवाजात मी कामगारांस सूचना दिल्या.

ठरवले आहे : टेंडर मिळताच रूपलालला डायरेक्टर करीन. एक लहानसे भाषण करीन. लेझामाबाईलाही बोलावीन व तिला क्षमा करीन, चारचौघांत.

बुधवार, ९ मे

कर-कार्यालयातून फोन आला. सुमिंत्राने घेतला. रिटर्न अपूर्ण आहे. प्रतिज्ञापत्रावर डायरेक्टरची सही नाही. सही नसलेले रिटर्न आले असे धरत नाहीत. क्लिअरन्स नाही.

मी म्हणालो, सही आठ ठिकाणी आहे. सुमिंत्रा म्हणाली, “आठ ठिकाणी आहे हो पा. नवव्या ठिकाणी नाही.”

लेझामाबाईस कळवण्यात आले. तिने मला फोनवर बोलावले नाही. रूपलालशी बोलली. त्याने फक्त “हो”, “हो”, “नाही, त्यांनी कोणाला दाखवलंच नाही” एवढेच म्हटले.

हा दोष वास्तविक कार्यालयात अधिकारी उपस्थित नसण्याचा आहे. तसे पत्र लिहीन.

गुरुवार, १० मे

रूपलालने ट्रकने नेले.  तीच खिडकी, तीच मुलगी. तिने शेवटचे पान काढले, सहीच्या जागी पेन्सिलने फुली मारली आणि म्हणाली, “आजा, इथे. या फुलीवर.” मी सही केली. खाली दुहेरी रेघ ओढली नाही.

रूपलालने विचारले, क्लिअरन्स उद्यापर्यंत मिळेल का? टेंडर उद्या बंद होतंय. मुलीने त्याच्याकडे पाहिले व च्युइंगगम चघळणे थांबवले. म्हणाली, “आता निदान आठवडा तरी लागेल, भाऊ. वेळेत आलं असतं तर दिलं असतं.” तिचा स्वर वाईट नव्हता. वाईट असता तर बरे झाले असते.

शुक्रवार, ११ मे

टेंडर बंद झाले. रूपलाल दिवसभर ट्रकमध्ये बसून होता, फाइल मांडीवर. जेवायला बोलावले, आला नाही. मी स्वतः बोलावण्यास गेलो नाही. सुमिंत्रास पाठवले.

शुक्रवार, १८ मे

सहादेवला मिळाले. तो कुंपणापाशी आला. मला वाटले, टोमणा मारील. मी उत्तर तयार ठेवले होते. तो म्हणाला, “भैया, मला नको होतं असं.” आणि परत गेला. तयार ठेवलेले उत्तर वाया गेले.

मंगळवार, २२ मे

रूपलाल सकाळी कुंपणाच्या फाटकातून पलीकडे कामाला गेला. पाया पडून गेला. मी पेपर वाचत होतो. नंतर पाहिले तो पेपर परवाचा होता.

कामगार दोन होते, तेही त्याच्यामागे गेले. आता कंपनीत मी आहे.

लेझामाबाईने कागद पाठवून कळवले आहे की पुढील वर्षापासून तिला आमचे काम करता येणार नाही. सहादेवचे ती करते, असे दिसते. कागदाच्या शेवटी तिने ‘प्रकृतीस जपा’ असे लिहिले आहे. कागदात चूक शोधली. नाही.

बुधवार, ३० मे. अरायव्हल डे.

मैदानावर गेलो. केवळ पाहणीसाठी. रूपलालने तंबू चांगले उभारले आहेत. वारा कोणत्या बाजूने येतो ते ओळखून दोर ताणले होते. ते मी त्यास शिकवले आहे. सहादेवच्या खुर्च्या पुरल्या नाहीत म्हणून आमच्या पांढऱ्या भाड्याने घेतल्या होत्या. पुढच्या दोन रांगा आमच्या. व्यासपीठावरून सहादेवचे नाव तीनदा घेतले. एकदा रूपलालचेही घेतले, ‘मॅनेजर’ म्हणून. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी बसण्यास जागा शोधली. पांढऱ्या सर्व भरल्या होत्या. निळ्यावर बसलो.

खुर्ची म्हणून बरी आहे.

रविवार, ३ जून

सुमिंत्रा जेवण वाढताना म्हणाली, “पा, हे म्हणत होते, तिकडे माणूस कमी पडतोय. सोहळ्याच्या खुर्च्यांवर सगळी चटणी, शिरा, चिखल बसलाय. कोणीतरी नीट धुणारं हवंय. बाहेरचा माणूस धुतो तो नुसतं पाणी मारतो. काका म्हणाले, भैयाला विचारायची हिंमत माझी नाही, तू विचार.”

मी सांगितले की एका कंपनीच्या विद्यमान डायरेक्टरने दुसऱ्या फर्मच्या खुर्च्या धुणे हे रीतीस धरून आहे की नाही, याचा विचार करावा लागेल. ती म्हणाली, “करा विचार. सकाळी सातला जायचंय. रूप फाटकाशी थांबणार आहेत.”

विचार केला. जेवण झाल्यावर तिला विचारले, माझे रबरी बूट कोठे आहेत.